बंद कुठल्या बाजूला?

सप्टेंबर २०२३ मधला सोमवार. गणपतीला आठच दिवस उरले होते. आरतीची पुस्तके सातारहून कोणाबरोबर मागवायची, ते विचारायला संध्याकाळी सासूबाईंना व्हिडिओ फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, नुसतेच गोल गोल फिरत राहिले. मी राउटर बंद करून चालू केला, ह्यांनी वायर काढून खोचली. चिरंजीवांनी "मी काही केलं नाही" असे न विचारताच जाहीर केले. शेवटी आम्ही सर्वांनी मिळून, इथल्या घरांत नेहमी होतो तोच निष्कर्ष काढला : "इकडे पुन्हा काहीतरी बंद केलेलं दिसतंय."

रात्री साधा फोन लावला तेव्हा आई म्हणाल्या, "अगं, तुमचं काही नाही. आमच्याच जिल्ह्यात नेट बंद केलंय." खटाव तालुक्यातील पुसेसावळीला आदल्या रात्री दंगल झाली होती, आणि सातारा जिल्ह्यातली इंटरनेट सेवा थांबवण्यात आली होती.

मला खरे म्हणजे लाज वाटली. माझा पेशा रसायनशास्त्राचा. प्रयोगशाळेत एखाद्या नमुन्याने वेडावाकडा आकडा दाखवला तर मी आधी नुसत्या शुद्ध पाण्याचा 'ब्लँक' लावते, मग ज्याचे उत्तर ठाऊक आहे असा 'कंट्रोल' लावते, आणि तेवढे झाल्यावरच नमुन्याला दोष देते. घरी मात्र एका फोनवरून निकाल देऊन मोकळी झाले. आपल्या फोनला दोन टोके असतात, आणि कुलूप दोन्हीपैकी कुठल्याही टोकाला असू शकते, हे सुचलेच नाही.

ही गोष्ट मी मंडळाच्या बैठकीत हसत हसत सांगितली. त्यावर आपल्यापैकी एका घरातला बारावीतला मुलगा म्हणाला, "मावशी, जगभर लोक हे मोजतात. एक अ‍ॅप आहे. आपण मंडळातल्या सगळ्या घरांत टाकू या. इतक्या घरांचा डेटा म्हणजे काय गंमत आहे!" दोघातिघांनी माना डोलावल्या. मी "आधी वाचते, मग सांगते" म्हणाले. हा लेख म्हणजे तेच सांगणे आहे.

'उघडत नाही' याचे प्रकार

'उघडत नाही' हे रोगाचे नाव नाही, ताप आल्यासारखे नुसते लक्षण आहे. कारणे अनेक असतात.

आपण पत्ता टाइप करतो तेव्हा संगणक आधी एका निर्देशिकेला विचारतो, की या नावाचा क्रमांक काय? तिथेच खोटा क्रमांक दिला, किंवा 'असे कोणी नाही' असे सांगितले, तर पुढचे सगळे खुंटते. दुसरा प्रकार म्हणजे क्रमांक बरोबर मिळतो, पण त्या क्रमांकाकडे जाणारी वाट अडवलेली असते. तिसऱ्या प्रकारात वाट खुली असते, पण मध्ये बसलेले यंत्र आपण मागितलेल्या पानाचे नाव वाचते आणि त्याऐवजी दुसरेच पान समोर ठेवते. आजकाल बहुतेक मजकूर कुलूपबंद जातो. तरी बहुतेक वेळा पाकिटावरचे नाव उघडेच असते, आणि तेवढे वाचून पाकीट टाकून देता येते. हा झाला चौथा प्रकार.

याखेरीज निव्वळ बिघाडही असतात. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या तारा तुटल्या, तेव्हा इथे आणि भारतातही इंटरनेट कित्येक दिवस रखडत होते. त्यात बंदी-बिंदी काही नव्हती. कधी ती वेबसाइटच परदेशी पाहुण्यांना दार उघडत नाही, तर कधी तिचे भाडे भरायचे राहिलेले असते. तेव्हा मोजणाऱ्याचे पहिले काम म्हणजे बिघाड आणि बंदी वेगळी काढणे.

मोजणारी मंडळी

पद्धतशीर मोजणीत आधी नाव झाले ते 'ओपननेट इनिशिएटिव्ह' या गटाचे. टोरांटो विद्यापीठातील 'सिटिझन लॅब' आणि हार्वर्डचे बर्कमन केंद्र त्यात पुढे होते. २००६ मध्ये त्यांनी ४० हून अधिक देशांत चाचण्या घेतल्या आणि त्यांपैकी २५ देशांत काही ना काही गाळणी आढळल्याचे २००७ मध्ये जाहीर केले. कृती आपल्या प्रयोगशाळेतल्यासारखीच होती. पत्त्यांची एक यादी घ्यायची, ती त्या देशातून उघडून पाहायची, तीच यादी जिथे गाळणी नाही अशा ठिकाणाहून उघडायची आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवायचे. दुसरे ठिकाण म्हणजे आपला 'कंट्रोल'. तिथेही उघडले नाही तर दोष वेबसाइटचा.

तो गट २०१४ मध्ये थांबला. २०१२ पासून 'ऊनी' नावाचा प्रकल्प चालू आहे. त्याच्या पूर्ण नावाचा अर्थ ढोबळमानाने 'जाळ्यातील ढवळाढवळीची खुली वेधशाळा' असा होतो. आपल्या मुलाने सांगितलेले अ‍ॅप यांचेच, २०१७ मध्ये आलेले. जगभरचे स्वयंसेवक ते आपापल्या फोनवर चालवतात आणि निकाल सर्वांसाठी खुले ठेवले जातात. तपासायच्या पत्त्यांची एक यादी जगासाठी आणि एकेक देशासाठी वेगळी असते. या याद्या सिटिझन लॅबने सुरू केल्या आणि त्या त्या देशाची माहिती असलेले लोक त्यांत भर घालतात, जुने नोंदी काढतात. स्थानिक माणूस नसेल तर यादी शिळी होते आणि शिळ्या यादीवर घेतलेली चाचणीही शिळीच.

मला आवडली ती त्यांची निकाल लिहिण्याची शिस्त. दोन निकाल जुळले नाहीत तर ते 'बंद' असे लिहीत नाहीत, 'विसंगती' लिहितात. बंदीचे ओळखीचे पान समोर आले किंवा तितकाच पक्का पुरावा मिळाला, तरच 'पक्के' म्हणतात. आमच्या खात्यातल्या काही वरिष्ठांनी ही शिस्त शिकायला हरकत नाही!

इथली नोंद

अमिरातीत सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १९९५ मध्ये, आणि बरीच वर्षे एकाच कंपनीकडून. बंद पानावर गेले की 'हे संकेतस्थळ या देशात उपलब्ध नाही' अशा अर्थाचे पान समोर येई. जुन्या लोकांना ते आठवत असेल. मोजणीच्या दृष्टीने हे पान म्हणजे सोय आहे, कारण इथे कुलूप लावणारा 'कुलूप मी लावले आहे' असे सांगतो. अनेक देशांत नुसतीच 'एरर' येते आणि माणूस राउटरला शिव्या देत बसतो. शिवाय कोणत्या प्रकारचा मजकूर चालणार नाही याचे धोरण इथल्या दूरसंचार नियामकाने प्रसिद्ध केलेले आहे, आणि चुकून बंद झालेले पान उघडावे अशी विनंती कंपनीकडे करण्याची सोयही आहे.

जुन्या नोंदी वाचताना आपलाच इतिहास भेटतो. दुबई इंटरनेट सिटी, मीडिया सिटी यांसारख्या मुक्त क्षेत्रांत आणि काही नव्या वसाहतींत पूर्वी गाळणी नव्हती, ती एप्रिल २००८ मध्ये तिथेही लागू झाली. तोवर एकाच शहरात एका मराठी घरी स्काइप चाले आणि दुसऱ्या घरी चालत नसे. सुट्टीच्या दिवशी कोणाच्या घरी गर्दी असे, हे सांगायला नको. जुलै २००७ मध्ये ऑर्कुट बंद झाले, तेव्हा शाळेच्या वर्गमित्रांना नुकतेच शोधून काढलेले कितीतरी जण हळहळले. (ते ऑर्कुट २०१४ मध्ये मालकांनीच जगभर बंद केले.) इस्रायलच्या नावाने संपणारे सगळे पत्ते वर्षानुवर्षे बंद होते, ते २०२० मध्ये दोन देशांत करार झाल्यावर खुले झाले. मार्च २०२० मध्ये शाळा घरी आल्या, तेव्हा झूम, टीम्स वगैरे अ‍ॅप्सना नियामकाने खास परवानगी दिली. नातवंडांचे वर्ग एका अ‍ॅपवर भरू लागले, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आजीशी बोलणे मात्र होईना.

म्हणजे कुलूप काही कायमचे नसते. ते लागते, निघते, दुसऱ्या दाराला लागते. म्हणूनच एकदा मोजून भागत नाही. तारीख घालून पुन्हा पुन्हा मोजावे लागते.

गाळणी करणारी यंत्रणा चुकतेही. जगातल्या लाखो पानांचे वर्गीकरण माणूस करत बसत नाही, ते विकत घेतलेले सॉफ्टवेअर करते. सिटिझन लॅबने एप्रिल २०१८ मध्ये 'नेटस्वीपर' या कॅनडात बनलेल्या गाळणीविषयी अहवाल काढला. ती ज्या देशांत आढळली त्यांत अमिरातीबरोबर आपला भारतही होता. चक्क जागतिक आरोग्य संघटनेचे पान त्या गाळणीने अश्लील मजकुरात टाकल्याचे अहवालात नमूद आहे. कोणी मुद्दाम केले असे नव्हे, पण मोजणाऱ्याने पाहिले नसते तर कोणाच्या लक्षात आले असते?

माहेरची नोंद

आपण इथे बसून 'आपल्याकडे असं नसतं' म्हणतो. माझाही तोच समज होता. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट आणले, आणि इंटरनेटवरून टेलिफोन करायला तिथेही १ एप्रिल २००२ पर्यंत मनाई होती. त्या सोयी देणारी संकेतस्थळे निगम अडवत असे. १९९९ मध्ये कारगिलच्या काळात पाकिस्तानच्या 'डॉन' वृत्तपत्राचे पान बंद होते. म्हणजे आज आपण इथे ज्या कारणाने कुरकुर करतो, तीच कुरकुर तेव्हा मुंबई-पुण्यात चालू होती.

सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातील एका संघटनेशी संबंधित एकच याहू गट बंद करण्याचा आदेश निघाला. कंपन्यांना एकच खोली बंद करता येईना, म्हणून त्यांनी सगळा वाडाच बंद केला. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांनंतर मोजक्या पानांसाठी आदेश निघाला, आणि पुन्हा तेच घडले. २०२० मध्ये बंगळुरूच्या 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी' या संस्थेतील संशोधकांनी सहा भारतीय कंपन्यांची जोडणी तपासली. देशातील ९८ टक्क्यांहून अधिक ग्राहक या सहांकडे होते. निष्कर्ष असा, की प्रत्येक कंपनी वेगळ्या पद्धतीने अडवते आणि सर्वांच्या याद्याही सारख्या नाहीत. एका घरात उघडते ते शेजारच्या घरात उघडत नाही, अशी स्थिती.

भारतातील मोठा प्रश्न मात्र पाने अडवण्यापेक्षा सगळे इंटरनेटच बंद करण्याचा आहे. महाराष्ट्रात जून २०२३ मध्ये कोल्हापूर, सप्टेंबरात सातारा, फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर येथे हे झाले. 'अ‍ॅक्सेस नाऊ' या संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षे जगात सर्वाधिक वेळा इंटरनेट बंद झाले ते भारतात. २०२४ मध्ये म्यानमारमध्ये ८५ वेळा आणि भारतात ८४ वेळा. पहिला नंबर एकाने हुकला, याचा आनंद मानावा अशी ही स्पर्धा नाही.

दंगलीत अफवा पसरू नयेत म्हणून बंदी घालावी लागते, असे प्रशासन म्हणते, आणि अफवेने पेटलेली गावे आपण पाहिलेली आहेत. पण त्याच वेळी औषधाच्या दुकानात पैसे जात नाहीत, परीक्षेचा अर्ज भरता येत नाही, आणि परदेशातल्या मुलाला आई सुखरूप आहे की नाही ते कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी, अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर, असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत आणि बंदी बेमुदत असू नये असे सांगितले. तरी डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने अहवाल दिला तेव्हा लक्षात आले, की देशात किती वेळा इंटरनेट बंद झाले याची एकत्र नोंद ना दूरसंचार खात्याकडे आहे, ना गृहखात्याकडे. ती होती दिल्लीच्या 'एसएफएलसी' या संस्थेसारख्या लोकांकडे, जे २०१२ पासूनच्या घटना बातम्या, आदेश आणि लोकांनी कळवलेली माहिती तपासून लिहून ठेवतात. माझ्या मते या सगळ्या मोजणीचे मोल इथे दिसते. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद घालायला आधी ती झाली हे तरी कुठेतरी लिहिलेले असावे लागते.

सिल्व्हर नायट्रेटची गोष्ट

आता अ‍ॅपबद्दल. पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, की क्लोराइडचा पांढरा साका येतो. पाण्यात नायट्रेट कितीही असले तरी साका येणार नाही, पाणी नितळच दिसेल. म्हणून 'पाणी शुद्ध आहे' असे म्हणता येत नाही. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आले, एवढेच.

ऊनीची व्हॉट्सअ‍ॅपची चाचणी अशीच आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या केंद्रांपर्यंत वाट आहे का, नोंदणी होते का, एवढेच ती पाहते. त्यावरून होणारे बोलणे ती तपासत नाही. त्यामुळे आपल्या घरी निरोप जातात, फोटो जातात, फोन लागत नाही आणि अ‍ॅप मात्र 'ठीक' म्हणते. आपल्या मंडळींच्या मनातला पहिला प्रश्न या थेंबाने सुटणारच नव्हता.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते अ‍ॅप यादीतले पत्ते आपल्या जोडणीवरून उघडते. यादीत वर्तमानपत्रे असतात, तशीच जुगाराची, अश्लील आणि इथल्या कायद्याने निषिद्ध अशीही पाने असतात, कारण बंदी तपासायची तर तीच विचारावी लागतात. प्रयोग तुमचा असला तरी कंपनीच्या वहीत नोंद 'अमक्या घरातून अमुक पान मागितले' अशीच होणार. निकालात देश आणि कंपनीचे जाळे जाहीर होते. अ‍ॅप करणारे स्वतःच ही सूचना आधी देतात, आणि धोका समजून घेऊनच चालवा म्हणतात. इथला सायबर गुन्ह्यांचा कायदा, म्हणजे २०२१ चा ३४ क्रमांकाचा, २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. व्हीपीएन वापरून गुन्हा केला वा लपवला, तर त्यात कैद आणि ५ लाख ते २० लाख दिर्हम दंड, किंवा दोहोंपैकी एक शिक्षा आहे. मी वकील नाही. पण आपल्यापैकी प्रत्येकाचा व्हिसा कोणाच्या तरी नोकरीला बांधलेला आहे, आणि त्या व्हिसाला दोन मुले आणि कधी सासू-सासरे बांधलेले आहेत. प्रयोगशाळेत मी हातमोजे घालायला लावते. ज्या प्रयोगाला हातमोजेच नाहीत, तो मंडळाच्या नावाने पंचवीस-तीस घरांत करा, असे मी सांगणार नाही.

मुलाला मी हे सांगितले तेव्हा तो नाराज झाला. त्याने विचारलेला प्रश्न मला अजून सतावतो : "सगळ्यांनीच असं म्हटलं तर मग मोजणार कोण?" बरोबर आहे. सावध माणसे बाजूला झाली, की नकाशावर नेमका तोच भाग कोरा राहतो. या अडचणीवर काही संशोधकांनी उपाय काढला आहे. मिशिगन विद्यापीठातील 'सेन्सर्ड प्लॅनेट' हा गट २०१८ पासून बाहेरूनच मोजतो. त्या त्या देशात आधीच चालू असलेल्या सर्व्हरना दुरून प्रश्न विचारायचे आणि उत्तर कसे बदलते ते पाहायचे. त्यात घरोघरच्या माणसाला गुंतवावे लागत नाही. पण घरातून जे दिसते ते सगळे दुरून दिसत नाही, हेही खरे. त्याच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते नसल्याचे मी त्यालाही सांगितले.

मग आपण काय करायचे?

एक काम मात्र आपल्याशिवाय दुसरे कोणी नीट करू शकणार नाही. एखाद्या जिल्ह्यापुरते इंटरनेट बंद झाले, तर ते देशाच्या आलेखात ठळक दिसत नाही. सातारची बंदी आमच्या घरी कळली ती आलेखावरून नव्हे, आईंना साधा फोन केला म्हणून. आपल्या मंडळात कोल्हापूरचे, साताऱ्याचे, बीडचे, जालन्याचे, अकोल्याचे लोक आहेत. रोज संध्याकाळी आपण महाराष्ट्रभर फोन लावतो. हे मोजमापाचे जाळेच आहे, फक्त आपण लिहून ठेवत नाही.

म्हणून मंडळाच्या कपाटात एक साधी वही ठेवली आहे. गावाकडे नेट बंद असल्याचे कळले की त्यात लिहायचे : तारीख आणि वेळ (भारताची), जिल्हा आणि तालुका, मोबाइल बंद की घरची जोडणीही, साधा फोन लागतो का, आणि पुन्हा कधी सुरू झाले. वर्तमानपत्रात आदेशाची बातमी आली असेल तर कात्रण चिकटवायचे. कोणाचे नाव, नंबर किंवा राजकारण लिहायचे नाही. निदान दोन वेगळ्या घरांनी दुजोरा दिल्याशिवाय 'पक्के' म्हणायचे नाही. तोवर 'विसंगती'. वर्षाअखेर ही पाने दिल्लीच्या संस्थेच्या यादीशी ताडून पाहू. त्यांच्याकडे नसलेले काही सापडले तर त्यांना कळवू.

इथे एखादे उपयोगी पान, म्हणजे औषधाची माहिती, मुलांच्या अभ्यासाचे, चुकून बंद आढळले, तर वाट काढायच्या भानगडीत न पडता कंपनीकडे रीतसर विनंती करावी. अर्ज भरायला मदत लागली तर मी आहे.

वहीचे काम त्या मुलानेच अंगावर घेतले आहे. पहिल्या पानावर त्याने तक्ता आखला आणि पहिली नोंद मागच्या तारखेने माझ्या घरची केली. 'घटना : सातारा. प्राथमिक निष्कर्ष : अमिरातीत बंद. अंतिम निष्कर्ष : चूक.' ते वाचून मी त्याला वरचा शेरा जरा सौम्य कर म्हणाले. तो म्हणाला, "मावशी, डेटा बदलायचा नसतो."